दस्तात लिहायचं राहिलेलं

पालघरला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर दस्त लिहिण्यात माझी हयात गेली. घर मुरब्याचं, त्यामुळे गाववाले संध्याकाळी कागद घेऊन ओटीवरही येतात. त्यांना जे सांगतो, तेच इथे मांडतो.

१. चतुःसीमा लिहायला कंटाळू नका. एका जुन्या खरेदीखतात गट क्रमांक १२७ चा १७२ झाला होता. वारसांच्या तोंडचं पाणी पळालं. पण एका बाजूला खाडीचा बांध, दुसरीकडे सामाईक विहीर, क्षेत्र, ताबा, सगळं जुळत होतं. जमीन कोणती हे असं उघड दिसत असेल, तर नुसत्या आकड्यापायी व्यवहार बुडत नाही.

२. चूक दिसली की चूकदुरुस्ती पत्र लगेच नोंदवा. त्यावर मूळ दस्तातल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. माणसं हयात आहेत, बोलती आहेत, तोवरच हे सोपं. कोणी अडून बसलं, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली न्यायालयात जाता येतं. तिथे फसवणूक तरी दाखवावी लागते, नाहीतर दोघांच्या मनात एक होतं आणि कागदावर दुसरं उतरलं, हे तरी. एकट्याचाच गैरसमज असेल तर तेवढ्याने भागत नाही.

३. चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला, तर कायदा अक्षरी रक्कम धरतो.

४. बोईसरला कारखान्यातल्या कामगारांना खोल्या देणाऱ्यांनो, करार नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

५. सर्वांत जास्त भांडणं न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात. "दादा, आपलं ठरलंय ना, मग लिहायचं कशाला?" असं म्हणणारेच पुढे समोरासमोर उभे राहतात, याचं मला फार वाईट वाटतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा वाजवी मुदत धरतो, मालाची किंमत ठरली नसेल तर वाजवी किंमत. पण विकलंय काय, हेच नक्की करता येत नसेल, तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २९ ने करारच रद्दबातल. "बोट विकली" एवढंच लिहिलेलं असतं. इंजिन, जाळी, शीतपेटी त्यात धरायची की नाही? खलाशाला "मोसमभर" उचल दिली, तर तो मोसम १ जूनची बंदी लागेपर्यंतचा, की मासळी आटली तेव्हाच संपला? असा मसुदा आला की मी दोन्ही बाजूंना एकत्र बसवतो आणि तारखा, वस्तू त्यांच्याच तोंडून वदवून घेऊन मगच लिहितो.