चुलीत गेलेल्या दोन वह्या

एकोणीस वर्षांची असताना मी दोन वह्या चुलीत घातल्या. एकीत माझ्या कथा होत्या. त्या गेल्या याचं आज काही वाटत नाही. दुसरीत आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या आणि मागच्या पानांवर तिचे शब्द, शेतातले, रांधण्यातले, दुखण्याखुपण्यातले. आजी त्याच साली कापूस वेचणीच्या दिवसांत गेली. ती वही मला पुन्हा लिहिता आली नाही. वलगावात आणि आसपास लिहू पाहणारी मुलंमुली माझ्याकडे येतात, त्यांना मी सगळ्यांत आधी हेच सांगते.

तेव्हा मी वलगावहून एसटीनं अमरावतीला कॉलेजात जात होते. एका स्पर्धेला कथा पाठवली. कापूस वेचणाऱ्या दोन बायांचं बांधावरचं बोलणं, एवढीच ती कथा. परत आली तेव्हा समासभर लाल शाई. ‘मी गेली’ खाली रेघ, ‘मले’ खाली रेघ, ‘काहून’ खाली दोन रेघा. शेवटी शेरा, भाषा अशुद्ध आहे, आधी मराठी शिका.

आमच्याकडे बाई ‘मी गेली’च म्हणते. माझी माय म्हणते, आजी म्हणत होती. पण तो शेरा वाचला आणि मला वाटलं, आपल्या घराचं बोलणंच चुकीचं. मग मी पुण्याच्या बाल्कनीतल्या, खिडकीतून पाऊस बघणाऱ्या मुलीची कथा लिहायला घेतली. पुणं मी पाहिलं नव्हतं. तीन महिने खपून जे झालं त्यात जीव नव्हता, आणि ते मलाच कळत होतं. चूक इथं झाली. ती कथा फसली एवढाच निष्कर्ष काढायचा होता. मी काढला तो असा, की आपल्यात लेखक नाहीच. संध्याकाळी चुलीपाशी बसले. माय म्हणाली, “काय जाळून रायली वं?” मी म्हटलं, “रद्दी.”

पुढं एम.ए.च्या वर्गात लीळाचरित्र आलं. ते आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला घडलं. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी गोळा करायला म्हाइंभट निघाले. त्यांनाही शंका होतीच. आठवण खरी कोणती, शब्द हेच होते की दुसरे? त्यासाठी ते उठून माणसांकडे गेले. जो प्रसंग ज्याच्या समोर घडला त्याला गाठलं, विचारलं, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतलं. त्या विचारपुशीतून मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ उभा राहिला, आणि त्यात माणसं बोलतात ती रोजच्या बोलण्यातली मराठी. त्याच रिद्धपुरात महदंबेनं धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, रचले. आज तिथं मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. हे वाचताना मला माझी चूल आठवली. शंका त्यांना आली तशी मलाही आली होती. त्यांनी ती वाक्यावर घेतली, मी स्वतःवर घेतली.

आणि आमच्या गावचं काय सांगू. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथंच, पेढी नदीजवळ, अमरावतीच्या वाटेवर. त्या पुलावरून मी रोज जात होते. बाबांना अक्षरओळख नव्हती. कीर्तनात ते समोरच्यांना प्रश्न विचारीत, लोक उत्तर देत, आणि त्या उत्तरातून पुढचं कीर्तन निघे. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला केलेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. मी ते फार उशिरा ऐकलं. ऐकताना वाटलं, ओट्यावर बसून आजीच्या पिढीतलं कुणी बोलत आहे. हे बोलणं अशुद्ध म्हणायची कुणाची हिंमत आहे?

तालुक्याच्या वाचनालयात उद्धव शेळके यांची ‘धग’ त्याआधीच हाताशी होती, १९६० सालची. मोडत चाललेला संसार सावरणारी कौतिक त्यात वऱ्हाडीतच बोलते. निवेदन प्रमाण मराठीत, माणसं आपापल्या बोलीत. मी ती परीक्षेपुरती वाचली होती. नीट वाचली असती तर त्या लाल शाईला उत्तर मिळालं असतं. प्रमाण मराठी शिकायला मात्र मला त्या शेऱ्यानंच लावलं, हेही खरं आहे, आणि ते शिकणं वाया गेलं नाही. शिका. फक्त त्यासाठी मायचे शब्द खोडू नका.

सुचत नाही म्हणून घरी बसून राहिलात तर आणखी सुचणार नाही. आमच्या स्टँडवर अर्धा तास उभं राहा. परतवाड्याची वाट इथून जाते, दर्यापूरची इथून फुटते. वेचणीच्या बाया ऑटोत बसता बसता मजुरीचा हिशेब करतात, आणि त्या हिशेबात सासू, सावकार, पोरीचं शिक्षण, सगळं येतं. कान द्या, मग विचारा. घरी आलं की लगेच लिहा, जसं बोललं तसं. तारीख घाला. कुणी सांगितलं आणि तेव्हा हातात काय काम होतं, हेही लिहा. निंदताना सांगितलेलं आणि भाकर थापताना सांगितलेलं एक नसतं.

कथा फसली तर कोठीत ठेवून द्या. सहा महिन्यांनी काढा. मी आजही तसंच करते. दहातल्या सहा तेव्हाही फसलेल्याच निघतात, पण त्यांत एखादं वाक्य जिवंत सापडतं आणि पुढची कथा तिथून सुरू होते. दाखवायची तर दोघांनाच दाखवा. एक, ज्याला लिखाणातलं कळतं. दुसरा, ज्याला त्या माणसांचं जगणं माहीत आहे. माझ्यासाठी ती दुसरी वाचक माय आहे. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. “अशी नाई बोलत ते,” म्हणाली की मी पान फिरवते आणि पुन्हा लिहिते. शंका मला आजही येते. आली की मायकडे जाते.

आजीच्या ओव्यांपैकी मला आता सातच आठवतात. मायला चार. आमच्या गल्लीतलं शेवटचं जातं अंगणात पालथं पडलं आहे. तुमच्या घरात ओव्या येणारी कुणी म्हातारी अजून असेल, तर हा मजकूर बाजूला ठेवा आणि आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा.