सही जुळत नाही तेव्हा

पुण्यातल्या एका छोट्या अनुवाद-कार्यालयाची संगणकाची बाजू मी सांभाळतो. आमच्याकडे करारनामे, कोर्टाची कागदपत्रं, औषध-चाचण्यांची संमतिपत्रं असं काम येतं. काही परदेशी ग्राहकांचा आग्रह असतो की प्रत्येक मेलवर ओपनपीजीपीची सही हवी. मेल आमच्याकडूनच आला आणि वाटेत त्यात कुणी फेरफार केला नाही, एवढी खात्री त्यांना हवी असते. मागणी रास्त आहे.

तक्रार मात्र दोन्ही बाजूंनी येते. पाठवणारा म्हणतो, "सहीचं बटण दाबलं की माझ्या मजकुराची मांडणी बिघडते." घेणारा कळवतो, "तुमच्या मेलवर लाल पट्टी येते, सही चुकीची म्हणे." बहुतेक वेळा दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. सही होते ती बाइट्सची. मजकुराचा अर्थ, त्याचं दिसणं, त्यातला ठळक ठसा यांच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. शब्दांमध्ये एक रिकामी जागा वाढली तरी तिच्या लेखी तो मजकूर वेगळा. या भांडणात जे शिकायला मिळालं, ते इथे मांडतो.

१. लाल पट्टी दिसली की आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा.

"सही चालत नाही" या एका वाक्यात तीन निरनिराळे प्रकार लपलेले असतात. "नो पब्लिक की" असेल तर पाठवणाऱ्याची सार्वजनिक किल्ली तुमच्याकडे नाही, मेलचं काही बिघडलेलं नाही. सही बरोबर आहे पण किल्ली विश्वासातली नाही, अशी सूचना असेल तर फोन करून किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवून घ्यायचा राहिला आहे. आणि "बॅड सिग्नेचर" असेल, तरच सही झाल्यानंतर मजकूर बदलला असं म्हणायचं.

हा फरक मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला समजावतो, कारण तो न कळल्याचा परिणाम मी पाहिलाय. एका ग्राहकाच्या हिशेब विभागाला आम्ही लाल पट्टीबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, "ती नेहमीच येते, आम्ही लक्ष देत नाही." हे ऐकून मला खरोखर धसका बसला. बिल पाठवणाऱ्याच्या नावाने खोटा मेल करून बँक खात्याचा नंबर बदलायचा, हा फसवणुकीचा रुळलेला प्रकार आहे. ज्या माणसाला लाल पट्टीची सवय झाली, त्याच्यासाठी सहीचा सगळा खटाटोप फुकट गेला. म्हणून मांडणीमुळे तुटणाऱ्या सहीला मी किरकोळ त्रास मानत नाही.

२. स्क्रीनशॉट मागू नका, मेलचा मूळ स्रोत मागा.

पडद्यावर दिसतो तो मेल प्रोग्रामने सजवलेला असतो. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबलं की कच्चा मेल दिसतो. मजकूर कॉपी-पेस्ट करून पाठवू नका. ईएमएल फाइल म्हणून जतन करा आणि ती झिप करून पाठवा, नाहीतर वाटेतला सर्व्हर तिलाही हात लावेल.

मग पाठवणाऱ्याच्या 'सेंट' फोल्डरमधली प्रत तपासा. तिथेच सही तुटलेली असेल तर दोष पाठवणाऱ्याच्या संगणकावर आहे. तिथे ठीक आणि पोचल्यावर तुटलेली, तर वाटेत काहीतरी झालं. दोन्ही फाइली शेजारी ठेवून फरक काढणाऱ्या प्रोग्राममधून काढल्या की गुन्हेगार ओळ सहसा लगेच सापडते.

वाटेत नेमकं कुठे, हे शोधायला मला डीकेआयएमचा फार उपयोग झालाय. ही सही पाठवणारा सर्व्हर स्वतःहून करतो आणि घेणाऱ्याचा सर्व्हर ती तपासून निकाल मेलच्या शीर्षभागात लिहून ठेवतो. तिथे 'बॉडी हॅश जुळला नाही' असं असेल, तर मजकूर दोन सर्व्हरांच्या मध्ये कुठेतरी बदलला. डीकेआयएम ठीक आणि पीजीपी तुटलेली, तर बदल एक तर पाठवणाऱ्याच्या कार्यालयातून बाहेर पडण्याआधी झाला, किंवा घेणाऱ्याच्या सर्व्हरने तपासणी केल्यानंतर. एक अपवाद लक्षात ठेवायचा: डीकेआयएमच्या 'रिलॅक्स्ड' प्रकारात मोकळ्या जागांचे बदल माफ असतात. हे न बघता सहीच्या सॉफ्टवेअरला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

३. ओळीच्या सुरुवातीचा डॅश मुद्दाम बदललेला असतो.

आमच्या एक ज्येष्ठ अनुवादक बाई शंकांची यादी मेलमध्येच लिहितात, प्रत्येक शंकेआधी डॅश देऊन. सही केल्यावर "- कलम ४ मधील संज्ञा" या ओळीचं "- - कलम ४ मधील संज्ञा" झालं. त्यांना वाटलं, कीबोर्ड अडकतोय. हा ओपनपीजीपीच्या साध्या, मजकुरातच बसणाऱ्या सहीचा नियम आहे. सहीचा तुकडा पाच डॅशच्या ओळीने सुरू होतो. मजकुरातली डॅशने सुरू होणारी ओळ चुकून तशी वाचली जाऊ नये म्हणून तिच्यापुढे एक डॅश आणि एक जागा घालतात. घेणाऱ्याकडे सॉफ्टवेअर असेल तर ते जादा चिन्ह काढून दाखवतं. नसेल तर त्याला दुहेरी डॅश दिसतो. मेलच्या शेवटी नाव-पत्त्याआधी येणारी दोन डॅशची ओळही अशीच बदलते, आणि मग घेणाऱ्याचा प्रोग्राम तो नाव-पत्ता ओळखून बाजूला ठेवू शकत नाही.

यावर उपाय म्हणून बाईंनी यादीला आकडे द्यायला सुरुवात केली. खरा उपाय पाचव्या मुद्द्यात आहे.

४. आधी ओळी मोडा, मग सही करा.

साध्या मजकुराच्या मेलमध्ये पुष्कळ प्रोग्राम ७२ अक्षरांच्या आसपास ओळ मोडतात. 'फॉरमॅट फ्लोड' नावाची पद्धत असेल तर मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा सोडतात. "इथे परिच्छेद संपलेला नाही, पुढची ओळ जोडून घे" अशी ती खूण असते. मजकुरात बसणारी सही मात्र ओळीच्या शेवटच्या जागा हिशेबातच धरत नाही, आणि काही प्रोग्राम त्या चक्क पुसून टाकतात. सही टिकते, पण परिच्छेदाच्या तुटक ओळी होतात: एक लांब, एक दोन शब्दांची, पुन्हा एक लांब. फोनवर वाचताना तर फारच वाईट दिसतं.

उलटही घडतं. सही लांब ओळीवर होते आणि मेल पाठवताना प्रोग्राम ती ओळ ७२ वर मोडतो. मग थेट "बॅड सिग्नेचर". अशा ठिकाणी थंडरबर्डच्या प्रगत सेटिंगमध्ये 'सेंड प्लेनटेक्स्ट फ्लोड' बंद करून बघावं.

५. मजकुरात बसणारी सही सोडून द्या.

फिल झिमरमन यांनी पीजीपी आणलं १९९१ साली. तेव्हा मेल म्हणजे साधा मजकूर. मजकुराच्या वर एक ओळ, खाली सहीचा तुकडा, ही रचना त्या काळाला धरून होती. नंतर मेलमध्ये एचटीएमएल आलं, जोडपत्रं आली, निरनिराळ्या लिप्या आल्या. त्यांच्यासाठी पीजीपी/माइम तयार झालं. पहिलं मानक १९९६ चं, सुधारित २००१ चं. यात मेलचे दोन भाग असतात. पहिल्यात मजकूर जसाच्या तसा, दुसऱ्यात सही वेगळी. डॅशला हात लागत नाही, ठळक अक्षरं आणि तक्ते टिकतात. थंडरबर्डमध्ये २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी आतच आलं आणि पाठवताना ते पीजीपी/माइमच वापरतं.

ज्याच्याकडे सॉफ्टवेअर नाही त्याला 'सिग्नेचर डॉट एएससी' नावाचं एक छोटं जोडपत्र दिसतं. "ही कसली फाइल, व्हायरस तर नाही ना?" असा फोन येतो. पहिल्या मेलमध्येच एका ओळीत खुलासा केला की तो येत नाही.

६. मराठी मेलची परीक्षा जास्त कडक असते.

या विषयावरची माहितीपत्रकं इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिलेली असतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

यूटीएफ-८ मध्ये साधं इंग्रजी अक्षर एका बाइटचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्सचं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही सगळी स्वतंत्र चिन्हं. मेलच्या एका ओळीची कमाल मर्यादा ९९८ बाइट्सची. इंग्रजीत मध्ये एंटर न देता एवढा परिच्छेद क्वचितच होतो. मराठीत मात्र काना-मात्रा धरून ३३२ चिन्हांत, म्हणजे पडद्यावरच्या पाच-सहा ओळींतच ती मर्यादा गाठली जाते. मजकूर कच्चाच पाठवला, तर एखादा सर्व्हर ओळ मध्येच तोडतो.

दुसरी अडचण आठ बिटांची. पुढचा सर्व्हर आठ बिटांचा मजकूर घेत नसेल तर आधीचा सर्व्हर तो सात बिटांच्या रूपात बदलून पाठवतो. वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, सही मात्र गेली. म्हणूनच पीजीपी/माइमच्या मानकात सही करायचा मजकूर आधीच सात बिटांत बसवावा असं बंधन आहे. एका ग्राहकाकडून आपोआप येणाऱ्या मराठी सूचनांवरची सही दर वेळी तुटायची आणि इंग्रजी सूचनांवरची कधीच नाही. त्यांच्या स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर कच्च्या रूपातच सही होऊन निघत होता. सहीच्या आधी मजकूर सात बिटांत बसवणारी बेस६४ ची एक पायरी घातल्यावर प्रश्न मिटला. बेस६४ मध्ये देवनागरी चिन्हाला चार अक्षरं लागतात, क्वोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत नऊ. मराठीला बेस६४ च बरं.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची खास. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला ऱ एकाच चिन्हाचा असेल तर शब्द २१ बाइट्सचा. तोच ऱ कुणी र आणि नुक्ता मिळून टंकला तर २४. र, हलन्त आणि मधला अदृश्य जोडक घालून लिहिला तरी २४, पण वेगळे २४. तिन्ही पडद्यावर सारखेच. सही झालेला मजकूर एखाद्या 'साफसफाई' करणाऱ्या प्रोग्राममधून गेला आणि त्याने पहिल्या दोन रूपांपैकी एकाचं दुसरं केलं, तर डोळ्यांना काही सापडत नाही. अदृश्य जोडक काढून टाकला तर निदान 'दुसर्या' असं रफारवालं ध्यान समोर येतं आणि संशय येतो. सही तुटलीय पण अक्षरन् अक्षर जुळतंय, अशी वेळ आली की मी दोन्ही फाइली बाइटच्या पातळीवर उघडतो आणि आधी सगळे ऱ बघतो.

७. तळटीप चिकटवणाऱ्या सर्व्हरशी बोलावं लागतं.

"हा मेल बाहेरून आला आहे, सावध राहा" ही पट्टी, कायदेशीर इशाऱ्याचा परिच्छेद, अँटिव्हायरसची जाहिरात. घेणाऱ्याच्या कार्यालयाचा सर्व्हर यांपैकी काही मजकुरात घुसवतो तेव्हा सही तुटायलाच हवी. मजकूर बदललाय, आणि सही तेच सांगतेय. पाठवणाऱ्याकडे यावर इलाज नाही. त्यांच्या संगणक विभागाला आदबीने लिहावं की सही असलेल्या मेलना यातून वगळा, किंवा सूचना विषयाच्या ओळीत घाला. दुसऱ्या पर्यायावर अशी कार्यालयं लवकर तयार होतात, कारण त्यांचा नियमही पाळला जातो.

८. हिरवी खूण कशावर आहे ते पाहा.

विषयाची ओळ आणि तारीख साध्या सहीत येत नाहीत. मजकुरात बसणाऱ्या सहीच्या वर किंवा खाली लिहिलेलं सहीच्या बाहेरच असतं, तरी घाईत सगळा मेल सहीचा वाटतो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की बऱ्याच प्रसिद्ध मेल प्रोग्रामांना खोट्या मजकुरावर खरी सही दाखवायला भाग पाडता येतं. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात 'ईफेल' नावाच्या त्रुटींची भानगड निघाली होती. ती कूटबद्ध मेलची होती, आणि तिथे एचटीएमएलचा हात होता. तेव्हापासून आमच्या कार्यालयात सहीचे मेल साध्या मजकुरात जातात. ज्या कागदाची मांडणी महत्त्वाची आहे तो पीडीएफ करून जोडतो आणि त्या फाइलवर वेगळी सही देतो. करारनाम्यातला तक्ता मेलच्या मजकुरात बसवण्याचा हट्ट आता कुणी करत नाही.

९. नव्या ग्राहकाशी काम सुरू करण्याआधी एक चाचणीचा मेल पाठवा.

आमचा मेल तयार करून ठेवलेला आहे. त्यात एंटर न देता लिहिलेला एक लांब मराठी परिच्छेद आहे. डॅशने सुरू होणाऱ्या दोन ओळी आहेत. एका ओळीच्या शेवटी मुद्दाम सोडलेल्या तीन रिकाम्या जागा आहेत. इंग्रजी 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ आहे, कारण मेल साठवायच्या जुन्या पद्धतीत अशा ओळीच्या पुढे कोन लागतो आणि सही तुटते. 'दुसऱ्या' हा शब्द तिन्ही प्रकारे लिहिला आहे. छोटं पीडीएफ जोडलेलं आहे. तो मेल दोन्ही दिशांनी जातो. ग्राहक तो उघडून निकाल कळवतो, मग तसाच मेल सही करून परत पाठवतो. किल्लीचा ठसा फोनवर मोठ्याने वाचून जुळवतो, चार-चार अक्षरांचे गट करून. हे सगळं हिरवं झालं की मगच पहिलं बिल जातं.