सरकपट्टी खोटे का बोलते?

पेणच्या रामवाडीतील दहावीची एक विद्यार्थिनी मागे माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली. तिने साध्या लंबकाचे वेबपान केले होते. सरकपट्टी, म्हणजे स्लायडर, सरकवून दोऱ्याची लांबी मीटरमध्ये निवडायची आणि दोलनकाल वाचायचा. तक्रार एकच : "सर, आकडे चुकतात."

तुमच्याही पानावर असे झाले, तर सूत्राला दोष देण्याआधी सरकपट्टी नेमके काय देते ते पाहा.

तिची पट्टी ० ते १ मीटर अशी होती. पण मधली एकही किंमत मिळेना. कारण सोपे. पायरी (स्टेप) सांगितली नाही तर ब्राउझर ती १ धरतो. पायरी ०.१ केली. शून्य लांबीचा लंबक कसला, म्हणून सुरुवात ०.०५ ठेवली, तर पट्टी ०.९५ वरच अडली! पायऱ्या शून्यापासून नव्हे, सुरुवातीच्या किमतीपासून मोजल्या जातात. सुरुवात ०.१ करताच १ मीटर मिळाला.

पुढची चूक अधिक लबाड. लंबकाची लांबी म्हणजे दोरा अधिक गोळ्याची त्रिज्या, हे तुम्ही प्रयोगवहीत लिहिताच. दोरा ०.८ मीटर, त्रिज्या ०.०१ मीटर, दोलनकाल सुमारे १.८१ सेकंद यायला हवा. आले 'ही संख्या नव्हे' असे उत्तर. सरकपट्टी संख्या देत नाही, अक्षरे देते. जावास्क्रिप्टमध्ये अक्षरांपुढे अधिक चिन्ह आले की बेरीज न होता जोडणी होते : '०.८०.०१'. गुणाकार-भागाकारात मात्र अक्षरांची आपोआप संख्या होते, म्हणून त्रिज्या मिळवेपर्यंत सारे सुरळीत दिसत होते. किंमत हाती येताच तिचे संख्येत रूपांतर करावे.

आता खरी गंमत. दर दाबाला प्रोग्रॅममधील लांबी ०.१ ने वाढवणारे एक बटण तिने केले होते. ०.१ पासून दोनदा दाबल्यावर आले ०.३०००००००००००००००४. नऊदा दाबल्यावर ०.९९९९९९९९९९९९९९९९, त्यामुळे '१ मीटर होताच घंटा' वाजलीच नाही.

दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहून पाहा : ०.३३३…, शेवट नाही. संगणक द्विमान पद्धतीने मोजतो. तेथे हीच गत एकदशांशाची होते. ५३ द्विमान अंकांनंतर त्याला थांबावे लागते, आणि किंचित चूक उरते. १९५७ पूर्वीचा सोळा आण्यांचा रुपया संगणकाला अधिक मानवला असता! अधेली, पावली, चवली, आणा म्हणजे १/२, १/४, १/८, १/१६. सारे बिनचूक मांडता येतात.

ही चूक क्षुल्लक समजू नका. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणा येणारे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही. २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते. २४ द्विमान अंकांत छाटलेल्या दशांशाने सुमारे १०० तासांत ०.३४ सेकंदाची चूक साठवली होती.

पडद्यावरचा आकडा दोन स्थळांपर्यंत दाखवला की चूक झाकते, जात नाही. आम्ही लांबी सेंटीमीटरमध्ये ठेवली : १०, २०, ३०… पूर्णांकांची बेरीज अचूक होते. १०० ने भागायचे ते फक्त सूत्रात घालताना. दहाव्या पायरीला घंटा वाजली.