धरण, वीज आणि महसीर

धरण भरले की मासे वाढतात, हा समज अर्धाच खरा आहे. कटला, रोहूची बोटुकली सोडल्यास जलाशयात चांगली पोसतात. आपला महसीर मात्र पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून वाहत्या, स्वच्छ पाण्यातील खडी-गोट्यांत अंडी घालतो. भिंत ही वाट अडवते. वीजगृहाखाली मागणीप्रमाणे पाणी चढते-उतरते, तेव्हा उथळ काठावरची अंडी उघडी पडून वाळतात. कोयनेचे तर कृष्णेकडे जाणारे बरेचसे पाणीच पोफळी, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरते.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचे बीज तयार होते. पण नुसते बीज सोडून काय होणार? वलगणीला ओढ्यात चढलेली, गाबोळीने भरलेली मादी कृपया पकडू नका.