विंडोजविना फर्मवेअरचे नूतनीकरण

लॅपटॉपची कळ दाबताच पडद्यावर प्रथम निर्मात्याचे बोधचिन्ह उमटते. त्या क्षणी विंडोज किंवा लिनक्स यांपैकी कोणीही जागे झालेले नसते. यंत्राचे भाग तपासून पुढील कारभार कार्यप्रणालीच्या हाती सोपविणारी एक छोटी आज्ञावली मदरबोर्डवरील चिपमध्ये असते. तिलाच फर्मवेअर म्हणतात; जुने नाव बायॉस, आताचे यूईएफआय.

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. राणीसावरगावातील विद्यार्थ्याला नवा लॅपटॉप परवडेलच असे नाही; त्याने लिनक्स बसविणे हेच शहाणपणाचे. पण निर्माते फर्मवेअरची नवी आवृत्ती बहुधा विंडोजवर चालणाऱ्या फाइलच्या रूपात देतात. विंडोज काढले, आता ते काम कायमचे अडले, असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही.

वस्तुतः अलीकडच्या बहुतेक यंत्रांत ती फाइल केवळ पोस्टमनचे काम करते. नवी आवृत्ती नेमल्या जागी ठेवून ती यंत्र पुन्हा सुरू करते. निर्मात्याची डिजिटल सही पडताळून चिपवर लेखन करण्याचे काम यंत्राचे फर्मवेअर स्वतःच करते. तेव्हा प्रश्न उरतो तो फक्त पोस्टमन बदलण्याचा.

डेलच्या बऱ्याच लॅपटॉपांत हे फार सोपे आहे. फाइल एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवावी, यंत्र सुरू होताना एफ१२ दाबावे आणि ‘बायॉस फ्लॅश अपडेट’ निवडावे. गंमत अशी की विंडोजसाठी दिलेली फाइलच येथे चालते. लेनोव्होच्या अनेक थिंकपॅडांसाठी सीडीची प्रतिमा मिळते. मात्र ती जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून भागत नाही. तिच्यातील बूट-भाग ‘गेटएलटोरिटो’ या छोट्या साधनाने वेगळा काढावा लागतो. लिनक्स आधीच बसविलेले असल्यास ‘एफडब्ल्यूअपडी’ पाहावे. रेड हॅटच्या रिचर्ड ह्यूज यांनी २०१५ मध्ये ते पुढे आणले. डेल, लेनोव्हो, एचपी आपली फर्मवेअरे त्याच्या सामायिक भांडारात ठेवतात. अर्थात प्रत्येक मॉडेल तेथे सापडेलच असे नाही.

खरा धोका विजेचा. २६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ व्हायरसने जगभर असंख्य संगणकांचे बायॉस पुसले. ती यंत्रे सुरूच होईनात, चिप बदलावी किंवा नव्याने लिहावी लागली. लेखन अर्ध्यावर असताना वीज गेली तर बव्हंशी हीच अवस्था होते. म्हणून बॅटरी भरलेली आणि चार्जरही जोडलेला, असे दोन्ही हवे. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा मेलेलीच असते. अशा वेळी यंत्र इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर चालवावे. तीही सोय नसेल तर काम पुढे ढकलावे, भारनियमनाच्या वेळापत्रकावर विसंबू नये.

नवी आवृत्ती निघाली की ती बसविलीच पाहिजे असेही नाही. सोबतचे टिपण वाचावे. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’सारख्या प्रोसेसरमधील दोषावर त्यात उपाय असेल तर जरूर बसवावी, एखाद्या न वापरलेल्या जोडणीची दुरुस्ती असेल तर चालू यंत्राला हात न लावलेला बरा.