कन्सोल टाकण्याआधी

पंधरा-वीस सर्व्हर एका पडद्यावरून हाकायचे तर कन्सोल लागतोच. आमच्या भागात त्यातला सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे व्हीएमवेअरचा व्हीसेंटर. साखर कारखाने, नागरी सहकारी बँका, इंजिनिअरिंग कॉलेजं, एमआयडीसीतल्या कंपन्या अशा ठिकाणी तो बसवून देणं ही माझी रोजीरोटी. लोकांना वाटतं, या माणसाला काय काम, आयएसओ लावायचा आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत बसायचं. तेही खोटं नाही. पण त्या ‘नेक्स्ट’च्या मध्ये एक पान येतं. नाव, आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस. रॅम उद्या वाढवता येते, डिस्कही वाढवता येते. या रकान्यांत भरलेलं मात्र प्रत्येक होस्टमध्ये, बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सर्टिफिकेटांत जाऊन बसतं. म्हणून माझं खरं काम त्या पानाच्या आधीच संपलेलं असावं, असा माझा आग्रह असतो.

१. नाव आधी, आयपी मागून

साइटवर हमखास कुणीतरी म्हणतं, “सर, सध्या आयपीवरच चालू करून द्या की. नावाचं नंतर बघू.” व्हीसेंटर तेवढी मुभा देतो. नावाचा रकाना रिकामा सोडला तर तो आयपीलाच स्वतःचं नाव समजतो आणि पुढे जातो. ६.७ च्या अपडेट ३ आधी हे नाव बदलायची सोयच नव्हती, दिलं ते दिलं. आता ५४८० पोर्टवरच्या पानावरून बदलता येतं. पण त्याआधी बॅकअप घ्या, जोडलेले प्लगइन काढून पुन्हा नोंदवा, स्वतःची सर्टिफिकेटं लावली असतील तर नव्याने बनवा, ॲक्टिव्ह डिरेक्टरीत परत सामील करा. एवढी यादी वाचली की ‘नंतर बघू’वाले साहेब मुकाट्याने नाव सांगतात.

नाव कसलं द्यावं यावर माझी मतं जरा ठाम आहेत. आपल्याकडे सर्व्हरला किल्ल्यांची नावं द्यायची फार हौस. मलाही ती आवडतात, पण रात्री दोन वाजता फोनवर पलीकडचा रायगड म्हणाला की राजगड, हे ओळखून दाखवा! मजल्याचं किंवा मशीनच्या मॉडेलचं नावही नको, दोन्ही बदलतात. नावात अंडरस्कोर चालत नाही, आडवी रेघ चालते. आणि शेवटी ‘डॉट लोकल’ लावायची जुनी सवय आता सोडावी. २०१३ च्या आरएफसी ६७६२ ने ते टोक मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय, त्यामुळे मॅक आणि काही लिनक्स मशीनं ते नाव डीएनएस सर्व्हरला न विचारता आजूबाजूलाच हाका मारत बसतात. संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचंच एखादं सबडोमेन घ्यावं, हे सगळ्यात बरं. ते नसेल तर ‘डॉट इंटर्नल’ आहे. आयकॅनने २०२४ मध्ये ते खासगी वापरासाठी बाजूला काढून ठेवलं.

२. नावावरून आयपी मिळाला, आता आयपीवरून नाव विचारा

ही पायरी जेवढी वगळली जाते तेवढी दुसरी कुठलीच नाही. विंडोजवर ॲक्टिव्ह डिरेक्टरीसोबत डीएनएस बसवला की नावावरून आयपी सांगणारा झोन तयार होतो. उलट दिशेचा, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारा झोन आपला आपण होत नाही, तो हाताने बनवावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो वर्षानुवर्षं नसतो आणि कुणाचं काही अडतही नाही. अडतं ते व्हीसेंटरचं. त्याचं इन्स्टॉलेशन दोन टप्प्यांत होतं. पहिल्यात व्हर्च्युअल मशीन उभं राहतं, दुसऱ्यात सेवा चालू होतात. दिलेलं नाव दोन्ही दिशांनी जुळलं नाही तर गाडी दुसऱ्या टप्प्यात रुतते, तीही पहिल्यात वेळ खर्ची पडल्यावर.

झोन असला म्हणूनही निर्धास्त राहू नये. एका कारखान्यात मी एनएसलुकअपला नाव दिलं, बरोबर आयपी आला. तोच आयपी उलटा विचारला, तर उत्तर आलं कॅन्टीनच्या दाराशी पूर्वी असलेल्या हजेरीच्या मशीनचं. मशीन भंगारात गेलं होतं, नोंद तशीच. तिथल्या सिस्टिम ॲडमिनने ती पुसली आणि कपाळाला हात लावून म्हणाला, “दादा, या मशीनचं एएमसी अजून चालू आहे.” तो विषय मी तिथेच सोडला.

३. पिंगला उत्तर नाही म्हणजे आयपी मोकळा नाही

एक्सेल शीटमध्ये ‘फ्री’ लिहिलंय आणि पिंग लागत नाही, एवढ्यावर आयपी देणारे खूप. विंडोजचा फायरवॉल पिंग गिळून टाकू शकतो. प्रिंटर रात्री बंद असतो. त्याच नेटवर्कमधून पिंग मारून लगेच एआरपीची यादी बघावी. पिंगला उत्तर न देणारं मशीनही एआरपीला उत्तर देतं, त्याचा मॅक पत्ता यादीत उमटतो. बंद पडलेलं मशीन यातूनही सुटतं, म्हणून स्विचवरच्या जुन्या नोंदी आणि डीएचसीपीची हद्दही तपासायची. कन्सोलचा आयपी डीएचसीपी वाटते त्या पट्ट्याच्या बाहेरचाच घ्यावा.

४. घड्याळ

होस्टची वेळ एक, कन्सोलची दुसरी आणि डोमेन कंट्रोलरची तिसरी, असं असेल तर लॉगिनपासूनच रडकथा सुरू होते. कर्बेरॉसला साधारणपणे पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे तो दार उघडत नाही. नुकतंच बनलेलं सर्टिफिकेट घड्याळ मागे असलेल्या होस्टला ‘अजून लागू झालेलं नाही’ असं वाटतं.

आपल्याकडे यात कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात, थेट किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरमार्फत. लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही त्याच निर्देशांत आहे. बँकेत ऑडिटर नेमकं हेच विचारतो. म्हणून बाहेरून वेळ घेणारा आतला एकच सर्व्हर ठरवायचा आणि बाकी सगळ्यांनी वेळ त्याच्याकडूनच घ्यायची.

५. फायरवॉलवाल्याला ‘पोर्ट उघडा’ एवढंच सांगू नका

कुठून, कुठे, टीसीपी की यूडीपी, हे तिन्ही लिहून द्यावं. नाहीतर काय होतं ते सांगतो. कन्सोल एका नेटवर्कमध्ये, होस्ट दुसऱ्यात, मध्ये फायरवॉल. कन्सोलमधून होस्ट जोडला, पासवर्ड घेतला, हिरवी खूण आली, त्यावरची व्हर्च्युअल मशीनं यादीत दिसली. सगळे खूश, चहा मागवला. मिनिटभराने होस्ट राखाडी पडला आणि पुढे ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा. पुन्हा जोडला, पुन्हा हिरवा, मिनिटभराने पुन्हा राखाडी. खोलीतला प्रत्येक जण केबल हलवून बघतो.

केबलचा काही दोष नसतो. होस्ट दर दहा सेकंदांनी कन्सोलला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप यूडीपी ९०२ वर पाठवतो. कन्सोल साठ सेकंद वाट बघतो. जोडणी होते ती कन्सोलकडून होस्टकडे जाणाऱ्या रस्त्याने, आणि तो फायरवॉलवाल्याने उघडलेला असतो. निरोप उलट्या दिशेने यायचा असतो, तोही यूडीपीवर, आणि तो नियम कुणी मागितलेलाच नसतो. बरोबर एका मिनिटाने मान टाकणारा होस्ट दिसला की मी आता आधी फायरवॉलचे लॉगच मागवतो.

कन्सोल आणि होस्ट यांच्यामध्ये नॅट असेल तर हीच लक्षणं दिसतात, कारण होस्टला कन्सोलचा जो पत्ता कळतो तिथे निरोप पोचतच नाही. नॅट टाळता आला तर टाळा, एवढंच म्हणेन.

६. १७२.१७ वाल्यांनी जरा थांबा

हा सल्ला व्हीसेंटरपुरता नाही, कन्सोल कुठल्याही कंपनीचा असो. आजकाल तयार ॲप्लायन्सच्या पोटात पुष्कळदा डॉकर असतो आणि डॉकर मूळ सेटिंगमध्ये १७२.१७.०.० चा सोळा बिटांचा अख्खा पट्टा स्वतःसाठी धरतो. त्यात बेकायदा काही नाही, १९९६ च्या आरएफसी १९१८ ने खासगी वापराला दिलेल्या पट्ट्यांतच तो येतो. पण नेमक्या त्याच कारणाने एखाद्या कंपनीने अकाउंट्स विभागाला तोच पट्टा दिलेला असतो. मग सर्व्हर रूममधून कन्सोल झकास उघडतो, दुसऱ्या इमारतीतून उघडतो आणि फक्त अकाउंट्समधून उघडत नाही. विनंती पोचते, पण उत्तर बाहेर पडायच्याऐवजी ॲप्लायन्सच्या पोटातल्या डॉकरच्या पुलावर वळतं आणि तिथेच जिरतं. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. कन्सोल निवडला की त्याच्या माहितीपुस्तिकेत ‘आतले पट्टे’ शोधायचे आणि ते बदलायची सोय असेल तर पहिल्या दिवशीच बदलायचे.

७. कन्सोल ज्यांच्यावर उभा, ती मंडळी कन्सोलच्या ताब्यात नकोत

महावितरणची लाइन गेली, यूपीएसने हात टेकले आणि अख्खा रॅक बसला, ही आपल्याकडे दुर्मिळ गोष्ट नाही. वीज आल्यावर खरी गंमत. कन्सोलला डीएनएस हवा. डीएनएस एका व्हर्च्युअल मशीनवर. ते मशीन कुठल्या होस्टवर होतं हे फक्त कन्सोलला ठाऊक. होस्टच्या स्वतःच्या वेब पानावर जावं तर होस्टचा आयपी कुणाच्या लक्षात नाही, सगळे नावानेच उघडायचे, आणि नाव सांगणारा डीएनएस बंद!

नेटवर्कच्या बाबतीत हाच फास आणखी एका ठिकाणी बसतो. डिस्ट्रिब्युटेड स्विचचा कारभार व्हीसेंटरकडे असतो. व्हीसेंटर झोपला तरी चालू मशीनांची रहदारी चालूच राहते. पण नेहमीच्या, स्टॅटिक बाइंडिंगच्या पोर्ट ग्रुपवर नवं मशीन जोडायचं तर पोर्ट वाटून द्यायला व्हीसेंटर जागा लागतो. आता व्हीसेंटरचंच मशीन दुसऱ्या होस्टवर उचलून न्यायची वेळ आली तर त्याला पोर्ट कोण देणार? यावरचा उपाय म्हणजे एफिमेरल बाइंडिंगचा एक पोर्ट ग्रुप बाजूला करून ठेवणं, त्याला होस्ट स्वतःच पोर्ट देऊ शकतो. इन्स्टॉलरसुद्धा बाकीचे डिस्ट्रिब्युटेड पोर्ट ग्रुप यादीत दाखवत नाही, आणि मग लोक ‘आमचं नेटवर्क दिसत नाही’ म्हणून फोन करतात. छोट्या ठिकाणी मी मॅनेजमेंट सरळ साध्या स्विचवरच ठेवतो. त्यात काही कमीपणा नाही.

एक डीएनएस या क्लस्टरच्या बाहेर असावा, मग तो जुन्या डेस्कटॉपवर का असेना. कन्सोलचं मशीन ठरलेल्या दोन होस्टांपैकीच एकावर राहील असा नियम लावावा. आणि होस्टांचे आयपी कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवावेत. हा कागद शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवून उपयोग नाही, फोल्डरही त्याच क्लस्टरवर असतो. पासवर्ड मात्र त्या कागदावर नकोत. हे सांगावं लागतं.

८. मॅनेजमेंटचा व्हीलॅन वेगळा, तिथे बाहेरचं कुणी नको

यावर ‘आमचं नेटवर्क लहान आहे’ हे उत्तर मी ऐकून घेत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये व्हीसेंटरमधलं एक भगदाड जाहीर झालं. लॉगिनची गरजच नाही, ४४३ पोर्टपर्यंत पोचता आलं की आपला कोड चालवता यायचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स या रॅन्समवेअरने जगभरातले हजारो होस्ट कुलूपबंद केले. इंटरनेटवर उघडे ठेवलेले आणि पॅच न लावलेले असेच ते होते. डेलच्या आयड्रॅकसारखे रिमोट कंट्रोलरही इथेच घ्यायचे. १९२.१६८.०.१२० हा त्यांचा मूळ पत्ता मला अजून पुष्कळ रॅकमध्ये जसाच्या तसा सापडतो.

त्या व्हीलॅनमध्ये शिरायला एकच ठरलेलं मशीन ठेवावं. व्यवस्थापकांच्या केबिनमधून थेट रस्ता मागितला जातो, विशेषतः सहकारात. नम्रपणे नाही म्हणायचं.

९. आधी लॅपटॉपला कन्सोल होऊ द्या

कन्सोलसाठी ठरलेला आयपी, मास्क, गेटवे, डीएनएस लॅपटॉपला द्यायचं आणि कन्सोल ज्या व्हीलॅनमध्ये बसणार त्याच व्हीलॅनच्या स्विच पोर्टला तो लावायचा. गेटवे लागतो का, नाव सरळ आणि उलटं दोन्ही मिळतं का, वेळेचा सर्व्हर उत्तर देतो का, प्रत्येक होस्टचे ४४३ आणि ९०२ टीसीपीवर उघडतात का, अकाउंट्समधून हा लॅपटॉप दिसतो का आणि दिसायला हवा का, हे एकेक करून बघायचं. यूडीपीचा भरवसा यातून मिळत नाही, त्यासाठी फायरवॉलवाल्याला शेजारी बसवून नियम डोळ्यांनी वाचायचा. कुठे अडलं तर ज्याचं काम त्याच्याकडे तेव्हाच परत जातं, आणि ‘तुमच्या सॉफ्टवेअरमुळे झालं’ म्हणायला अजून सॉफ्टवेअर आलेलंच नसतं. शेवटी तो आयपी लॅपटॉपवरून आठवणीने काढायचा. नाहीतर कन्सोल उठल्यावर एकाच पत्त्यावर दोघे भांडतात.

एवढं झालं की मी आयएसओ लावतो. पुढचं काम तासाभराचं असतं आणि त्यात लिहिण्यासारखं काही घडत नाही.