संगणकांतील कृमि आणि त्याचा पुनःप्रवेश

दूषित पाण्यानें जडलेला रोग औषधानें बरा झाला, तरी रोगी पुनः तेंच पाणी पिऊं लागला तर औषधाचा उपयोग काय? संगणकाच्या विकारांसहि हाच न्याय लागू पडतो. यंत्र बिघडलें कीं, सर्व पुसून कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नव्यानें घातली म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. आणि थोड्याच वेळांत तोच विकार पुनः दिसूं लागला म्हणजे ते यंत्रास दोष देतात. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम 'व्हायरस' आणि 'वर्म' यांतील भेद ध्यानांत घ्यावा. व्हायरस दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला किंवा फाइलला चिकटून राहतो व ती कोणीं उघडली म्हणजे पसरतो. वर्म, म्हणजे कृमि, हा स्वतंत्र प्रोग्रॅम असून तो आपल्या प्रती आपणच काढतो व जाळ्यांतून एका यंत्रांतून दुसऱ्यांत शिरतो. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें २ नोव्हेंबर १९८८ रोजीं सोडलेला कृमि एकाच यंत्रांत पुनःपुनः शिरत असे. त्यामुळें हजारों यंत्रें मंदावून निरुपयोगी झालीं आणि कर्त्यास न्यायालयानें शिक्षा केली.

पुनःप्रवेशाचें उत्तम उदाहरण म्हणजे ११ ऑगस्ट २००३ रोजीं प्रकटलेला 'ब्लास्टर'. विंडोजमधील ज्या छिद्रांतून तो शिरे, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १६ जुलै रोजींच दिली होती; परंतु असंख्य लोकांनीं ती बसविलीच नव्हती. पडद्यावर साठ सेकंदांची सूचना झळके आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुनः सुरू होई. त्रासलेला मनुष्य विंडोज एक्स्पी नव्यानें घाली. पण त्या जुन्या तबकडींत दुरुस्ती नसे, व फायरवॉल नांवाचा पहारेकरी मुळांत निजलेला असे. दुरुस्ती आणण्याकरितां इंटरनेट जोडावें, तर ती पुरी उतरण्यापूर्वींच कृमि आंत येई! पुढें ऑगस्ट २००४ मध्यें आलेल्या सुधारणेनें हा पहारेकरी आरंभापासूनच जागा ठेवण्यांत आला.

नोव्हेंबर २००८ मध्यें आलेला 'कॉन्फिकर' याहून कपटी होता. त्याच्या पुढील रूपांस तीन वाटा ठाऊक होत्या: न बुजविलेलें छिद्र, सोपे पासवर्ड आणि पेन ड्राइव्ह. शिवाय व्हायरस-प्रतिबंधक कंपन्यांच्या संकेतस्थळांकडे जाण्याचा मार्गहि तो अडवी. एक वाट बंद केली तरी उरलेल्या दोन उघड्याच राहत.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत एक दृष्टांत आहे. मनुष्यांतून निघालेला अशुद्ध आत्मा परत येऊन पाहतो, तों आपलें जुनें घर झाडून नीटनेटकें ठेवलेलें, परंतु रिकामें. मग तो आपणापेक्षां दुष्ट असे सात सोबती घेऊन तेथें राहावयास येतो. नुसती नवी कार्यप्रणाली म्हणजे असेंच झाडलेलें, पण राखणदार नसलेलें घर होय.

आतां उपायांचा क्रम पाहूं. पहिली गोष्ट, यंत्र जाळ्यापासून तोडावें. तार काढावी व वायफाय बंद करावें. दुसरी, कार्यप्रणालीची अगदीं अलीकडील प्रत निरोगी संगणकावर, तिच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच, उतरवून घ्यावी. जुन्या प्रतींत जुनीं छिद्रें असतात. तिसरी, लेख, छायाचित्रें इत्यादि स्वतःच्या वस्तूंचीच प्रत काढावी. प्रोग्रॅमांची काढूं नये. चौथी, डिस्कचे सर्व भाग पुसावे. केवळ 'सी' भाग पुसून 'डी' तसाच ठेवला, तर तेथें दडलेली कृमीची प्रत उघडतांच सर्व श्रम व्यर्थ जातात. पांचवी, फायरवॉल सुरू असल्याची खात्री करून मगच इंटरनेट जोडावें, आणि अन्य कांहीं करण्यापूर्वीं सर्व दुरुस्त्या बसवाव्या. सहावी, जपून ठेवलेल्या फाइली व प्रत्येक पेन ड्राइव्ह तपासल्यावांचून उघडूं नये. पेन ड्राइव्ह लावतांच आपोआप उघडण्याची सोय बंद ठेवावी. सातवी, सर्व पासवर्ड बदलावे, व हें काम स्वच्छ यंत्रावरूनच करावें.

शाळेच्या प्रयोगशाळेंत किंवा घरीं एकाहून अधिक संगणक असतील, तर एकच स्वच्छ करून भागत नाहीं. वीसांपैकीं एकोणीस शुद्ध झाले व एक राहिला, तर तो एक उरलेल्या दुर्बळ यंत्रांस पुनः पीडा देईल. म्हणून सर्व एकदम तोडावे, एकेक शुद्ध करावा आणि शेवटचा होईपर्यंत कोणताहि जोडूं नये.

आळसाची किंमत केवढी असते, हें १२ मे २०१७ रोजीं जगास दिसलें. त्या दिवशीं 'वॉनाक्राय' नामक कृमीनें अनेक देशांतील यंत्रांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्याची दुरुस्ती १४ मार्च रोजींच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, विनामूल्य मिळत होती.

पालकांस एवढीच विनंती कीं, घरच्या संगणकाच्या दुरुस्त्या आपोआप येऊं द्याव्या, आणि ज्या कार्यप्रणालीस दुरुस्त्या मिळणें थांबलें असेल ती जाळ्यास जोडूं नये. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, हें अनेक घरांच्या ध्यानींहि नसेल. मुलांचे दाखले, आजीआजोबांचीं छायाचित्रें, वर्षभराचा अभ्यास यांची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, व काम होतांच ती डिस्क यंत्रापासून काढून कपाटांत ठेवावी. नवें यंत्र पैशानें मिळतें. हरवलेलें छायाचित्र मिळत नाहीं.